सोलापुरातल्या वाटांना एमटीबीचे गिअर कुठले? पुढच्या तीन प्लेटा ठेवू की एकच करू?

माळवाट

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, होटगी रोडला कामाला आहे. सायकल २६ इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, २१ गिअरची. पुढं ४२-३४-२४ दातांच्या तीन प्लेटा, मागं सात प्लेटांचं १४ ते २८ दातांचं. रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. सुट्टीला नान्नजकडच्या गाडीवाटा, नाहीतर हिप्परग्याचा तलाव. आता ग्रुपमध्ये तुळजापूरचं ठरतंय, घाटासकट, आणि घाटात मला २४-२८ वरही दम लागतो. हिवाळ्यात साताऱ्याच्या बाजूला जायचंही बोलणं चालू आहे.

दुकानात विचारलं तर म्हणाले, पुढं तीन प्लेटांचा जमाना गेला, २९ इंची वन बाय ११ नाहीतर १२ घ्या, म्हणजे पुढं एकच प्लेट आणि मागं अकरा नाहीतर बारा. नेटवर वाचलं तरी तेच. पण ते लिहिणारे डोंगरात राहतात. आपल्याकडं सपाटी, वारं, फुफाटा आणि पावसात काळी माती. इथं रोज चालवणाऱ्यांनी सांगा: नवी घेऊ, आहे तिच्यात बदल करू, की आहे तीच नीट वापरायला शिकू? खर्चाची तयारी आहे, पण पैसे वाया जायला नकोत.

भुईकोट

गिअर एकूण किती हा आकडा सध्या बाजूला ठेवा. पायडलची एक फेरी मारली की सायकल किती पुढं सरकते, ते काढा. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा परीघ. २६ इंचीवर १.९५ चं टायर असेल तर परीघ साधारण २.०५ मीटर. २९ वर २.२ चं टायर असेल तर साधारण २.२९ मीटर.

तुमचा सगळ्यात हलका गिअर २४ ला २८. म्हणजे एका फेरीत १.७६ मीटर. दुकानदार जी वन बाय ११ दाखवतोय तिला बहुतेक पुढं ३२ आणि मागं ११-४२ असणार. तिचा सगळ्यात हलका गिअर ३२ ला ४२, म्हणजे १.७४ मीटर. फरक दोन सेंटिमीटरचा! मागं बशीएवढी ४२ ची प्लेट बघून वाटतं की घाट सोपा होईल, पण चाक मोठं आहे आणि पुढची प्लेटही मोठी आहे. घाटात दोन्ही सायकली पायाला जवळपास सारख्याच लागतील.

आता तुमच्या सायकलीला १४-२८ च्या जागी १४-३४ चं सात प्लेटांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या प्लेटांचा संच, बसवलं तर २४ ला ३४, म्हणजे १.४५ मीटर. वन बाय १२ ला ३२ आणि ५१ असेल तर १.४४ मीटर. सगळ्यात हलक्या गिअरपुरतं बोलायचं तर एक फ्रीव्हील बदलून तुम्ही त्या महागड्या सेटच्या बरोबरीला येता.

याचा अर्थ नवी सायकल घेऊ नका असा नाही. मोठं चाक खड्ड्यात, दगडात बरं चालतं, डिस्क ब्रेक मिळतात, सस्पेन्शन बरं मिळतं. त्यासाठी घ्यायची तर खुशाल घ्या. फक्त घाटात दम लागतो म्हणून घेत असाल तर आधी हा हिशोब बघा.

कडक भाकरी

भुईकोटकाका, हा हिशोब दुकानात भिंतीवर लावायला पाहिजे. मी ४२ ची प्लेट बघूनच सायकल घेणार होतो. आता दात मोजायला बसतो.

चिखलपाय

हिशोब बरोबर आहे, पण सायकल कागदावर चालत नाही. मी मंद्रूपच्या पुढं हत्तरसंग-कुडलकडं शेतातल्या वाटांनी जातो. एक सर पडून गेली की काळी माती काय करते ते बघा. टायरला चिकटते, टायर ती उचलून मागच्या फोर्कच्या बेचक्यात आणि पुढच्या डिरेलरच्या (चेन एका प्लेटवरून दुसरीवर सरकवणाऱ्या पुर्ज्याच्या) पिंजऱ्यात भरते. वर ऊन पडलं की तासाभरात ती विटेसारखी कडक. मग पुढचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअरचा खटका, दाबला तर केबल ढिली पडते, पण डिरेलर जागचा हलत नाही. २४ वर जायचंय आणि चेन ४२ वर अडकलेली. काडीनं उकरत बसायचं.

पुढं एकच प्लेट केली की पुढचा डिरेलर, त्याची केबल, डावा शिफ्टर सगळं गेलं. उरलेला एकच डिरेलर मागं, टायरनं उचललेल्या मातीपासून थोडा लांब. प्लेट नॅरो-वाइड घ्यायची. तिचा एक दात जाड, एक बारीक असतो, चेनच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांत बरोबर बसतो, त्यामुळं डिरेलरनं धरून न ठेवताही चेन उतरत नाही. मागचा डिरेलर क्लचवाला, म्हणजे चेन ताणून धरणारा, असला तर खडखडाटही जातो. नान्नजच्या वाटेवर दगडांत चेन फ्रेमवर आपटायचा जो आवाज येतो ना, तो बंद होतो.

स्रॅम कंपनीनं २०१२ मध्ये एक्सएक्स१ हा वन बायचा सेट आणला तेव्हापासून हे जगभर रुळलं, ते उगाच नाही. त्यांनी मागं १०-४२ दिलं म्हणून पुढची एकच प्लेट पुरली. २०१६ मध्ये १०-५० आलं, २०१८ मध्ये शिमानो कंपनीनं आपल्या एक्सटीआर सेटमध्ये १०-५१ दिलं. दोनच वाटा आहेत, पुढं तीन ठेवा नाहीतर मागची मोठी करा. चिखलात मागची मोठी केलेली बरी.

उलटं वारं

चिखल वर्षातले काही दिवस. वारं मात्र जूनपासून पार ऑगस्टपर्यंत, रोज. त्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितोय.

पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं. नळदुर्गला जाताना ते पाठीत असतं, आपण तब्येतीत जातो. परत फिरलं की बोरामणीपासून तोंडावर. झाड नाही, आडोसा नाही, नुसतं माळ. तुळजापूरचंही तसंच: जाताना घाट, आणि येताना उतार असूनही पायडल मारावं लागतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. तुम्ही ताशी २० नं चाललाय आणि समोरून ताशी २० चं वारं असेल तर अंगाला ४० चं लागतं. म्हणजे रोध चौपट.

अशा वेळी सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड गिअर कामाचे नसतात, मधले असतात. आणि मधल्या गिअरांमध्ये अंतर किती, ते महत्त्वाचं. शिमानोचं ११-५१ अकरा प्लेटांचं असं असतं: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१. त्यांचंच ११-४२ असं: ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२-३७-४२. पुढं ३२, चाक २९, पायडल मिनिटाला ८० फेऱ्या धरा. ११-५१ वर तुमचे वेग होतात २३.४, मग १९.५, मग १६.८. मधे काही नाही. ११-४२ वर २३.४, २०.७, १८.५, १६.८.

ते साडेएकोणीस आणि सतरा यांच्या मधलं साडेअठराचं घर मिळालं नाही की काय होतं ते वाऱ्यात तासभर मारणाऱ्याला विचारा. एक गिअर जड पडतो, दुसरा रिकामा फिरतो, आणि पाय कुठंच लागत नाही. शेवटी माणूस जडच गिअरवर रेटतो आणि गुडघा धरून बसतो. म्हणून माझं म्हणणं, सोलापूरकरानं वन बाय घ्यायचंच असेल तर ११-४२ घ्यावं. ५१ ज्यांच्या दारात डोंगर आहे त्यांच्यासाठी.

चिखलपाय

हे मान्य. माझंही ११-४२ च आहे. पण तुम्ही तीन प्लेटांच्या बाजूनं बोलताय की वन बायच्या?

उलटं वारं

दोन्हींच्या नाही. मागच्या मधल्या दातांच्या बाजूनं. जुन्या दहा प्लेटांच्या ११-३६ मध्येही १५-१७-१९-२१ आहे, पुढं दोन प्लेटा असल्या तर तोही उत्तम सेट. दुर्दैवानं नव्या सायकलींवर तो कमी दिसायला लागलाय. माळवाट यांच्या सात प्लेटांच्या फ्रीव्हीलमध्ये तर १४-१६-१८-२०-२२-२४-२८ आहे, शेवटची सोडली तर दोन-दोन दातांनी चढत जातं. वाऱ्यासाठी याहून बरं काय पाहिजे?

भोंगा

तुमी सगळी लोकं दात मोजलालाव. आधी हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, बघा की वो.

लक्ष्मी-विष्णू मिलच्या भोंग्यावर सायकली निघायच्या तेव्हापासून मी चाकं बांधतोय, म्हणून सांगतो. मागच्या चाकाला दोन जातींचे हब असतात. एकात फ्रीव्हील आटे मारून बसतं, सगळं यंत्र त्या प्लेटांच्या पोटात. दुसऱ्यात ते यंत्र हबमध्येच असतं आणि वर नुसती प्लेटांची कॅसेट सरकवायची. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? मधे जिथं पाना लागतो ते खाचे बघा आणि प्लेटा उलट्या फिरवा. खाचे प्लेटांबरोबर फिरले तर कॅसेट. खाचे जागच्या जागी राहिले अन् प्लेटा तेवढ्या फिरल्या तर फ्रीव्हील.

२१ गिअरच्या सायकलीत बहुतेक फ्रीव्हीलच निघतं. त्यावर ११-४२ अकरा प्लेटांचं कधीच बसणार नाही, कोण काय पण सांगू दे. त्याला हब बदला, म्हणजे चाक बदला, मग शिफ्टर, डिरेलर, चेन. आकडा नव्या सायकलीच्या निम्म्यावर जातो. माळवाट भाऊ, म्हणून आधी उलटं फिरवून बघा आणि मगच पुढचं बोला.

अजून एक. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग फार आत असतं, ॲक्सलचा तुकडा लांब बाहेर राहतो. वजनदार माणूस गतिरोधकावर बसून आपटला की ॲक्सल वाकतो. मागं कॅरियरवर पोतं टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या अंगाला असतं, तो दणका सोसतो.

माळवाट

भोंगाकाका, उलटं फिरवून बघितलं. खाचे जागच्या जागी, म्हणजे फ्रीव्हील. पुढचं क्रँकही (पायडलचा दांडा आणि प्लेटा) बघितलं, तिन्ही प्लेटा रिबिटनं जोडलेल्या आहेत, बोल्ट नाहीत.

चिखलपाय

मग तुमच्या सायकलीवर वन बाय करणं सोडा. रिबिटवाल्या क्रँकची प्लेट सुटी निघत नाही, क्रँक बदलावं लागेल. वर हबचं भोंगाकाकांनी सांगितलंच. माझ्या जुन्या सायकलीला चार बोल्टचं क्रँक होतं, बोल्टच्या वर्तुळाचं माप १०४ मिमी, मधल्या जागी ३२ ची नॅरो-वाइड बसली आणि काम झालं. हा फरक असतो. बोल्ट दिसले तर रस्ता मोकळा.

कोजागिरी

तुम्ही सगळे भागांबद्दल लिहिताय, मी पायांबद्दल लिहिते. माळवाटदादा, तुम्ही घाटात २४-२८ वर दम लागतो म्हणताय. तुम्ही त्या गिअरवर कधी जाता? घाट सुरू होताना, की पाय भरून आल्यावर?

मी तुळजापूरला सायकलनं जाते. कोजागिरीला चालत जाणाऱ्यांची गर्दी तुम्हाला माहीत आहे, त्याच रस्त्यानं. तामलवाडी मागं पडली की रस्ता हळूहळू उचलायला लागतो, डोळ्यांना कळत नाही. तिथं बहुतेक जण मधल्या प्लेटवर रेटत राहतात, कारण वेग कमी झालेला आवडत नाही. मग खरा घाट लागतो तेव्हा मांड्या आधीच संपलेल्या. त्यात घाईघाईनं पुढची प्लेट बदलायला जातात, चेनवर पूर्ण जोर असतो, कडाकड आवाज येतो आणि चेन खाली.

पुढच्या डिरेलरला ताणलेली चेन हलवता येत नाही, तिला ढिलाई लागते. म्हणून चढ दिसला की आधीच छोट्या प्लेटवर यायचं. बदलताना अर्धी फेरी पाय हलका सोडायचा. छोट्या प्लेटवर आल्यावर एकदम रिकामं वाटू नये म्हणून त्याच वेळी मागं एक-दोन प्लेटा जड करायच्या, म्हणजे पायाला धक्का बसत नाही. दोन्ही अंगठे एकत्र चालवायची सवय लागायला वेळ लागतो, पण लागते. घराजवळच्या उड्डाणपुलावर सराव करा.

भुईकोटकाकांचाच हिशोब पुढं नेते. १०० मीटरला ६ मीटर असा चढ धरा, ताशी ८ किमी वेग. तुमच्या सायकलीवर ३४-२८ लावला तर पायडलच्या मिनिटाला ५४ फेऱ्या होतात. २४-२८ लावला तर ७६. वेग तोच, चढ तोच, पण ५४ वर प्रत्येक फेरीला पायावर चाळीस टक्के जास्त भार. मांडी आधी थकते ती यानंच. ७६ वर श्वास वाढतो, पण श्वास वर गेल्यावर खाली येतो. मांडी भरली की त्या दिवसापुरती भरली.

आपल्याकडं सगळ्यांची सवय एका गिअरच्या काळ्या सायकलीवरची. पाय सावकाश, जोर सगळा. ही सवय मोडली नाही तर ५१ ची प्लेट असून उपयोग नाही, कारण माणूस तिच्यावर जातच नाही. सपाटीवर सकाळी वारं नसताना मिनिटाला ८० फेऱ्यांचा सराव करा. मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा वर आला की मोजायचं, १५ सेकंदांत २० झाले की झालं.

कडक भाकरी

ताई, अर्धी फेरी पाय सोडायचं आज विजापूर रोडला करून बघितलं. आवाजच आला नाही. शाळेपासून सायकल चालवतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सिंहगड पायथा

पुण्याहून. माझी वन बाय १२ आहे, ३० ला १०-५१, आणि इथं रोज सिंहगड समोर असल्यावर ती हवीच. पण दोन वर्षं सोलापुरात नोकरीला होतो तेव्हा हीच सायकल होती, आणि उलटं वारं यांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. मागच्या मोठ्या चार प्लेटा तिथं नव्याच्या नव्या राहिल्या. छोट्या तीन-चार मात्र झिजल्या, आणि पूर्ण कॅसेट बदलावी लागली. बारा प्लेटांची कॅसेट स्वस्त नसते. जो सपाटीवर राहतो त्यानं हाही खर्च धरावा.

साताऱ्याला मात्र हलका गिअर पाहिजेच. यवतेश्वरच्या चढाला २४-२८ अवघड जाईल, सामान असेल तर फारच.

भुईकोट

मग माळवाट यांच्यापुरतं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. फ्रीव्हीलचा हब, रिबिटचं क्रँक, रोज सपाटी, कधीतरी घाट. १४-२८ काढून १४-३४ टाका. शिमानोचं ते १४-१६-१८-२०-२२-२४-३४ असं आहे. खालच्या सहा प्लेटा तुमच्या सध्याच्याच, म्हणजे वाऱ्यातली चाल बिघडत नाही. शेवटची तेवढी २४ वरून थेट ३४. ही उडी मोठी आहे, पाय एकदम हलका पडतो. पण ती घाटात गरज पडली तर वापरायची, रोजची नाही.

त्याआधी मागच्या डिरेलरवरचं मॉडेल वाचा आणि त्याला ३४ चालतं का ते बघा. शिमानोच्या टूर्नीच्या पुष्कळ मॉडेलांना चालतं, पण आखूड पिंजऱ्याचे असतात त्यांना नाही. डिरेलरची क्षमता म्हणून एक आकडा असतो. पुढच्या मोठ्या-छोट्या प्लेटांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-छोट्यातला फरक. तुमचा ४२ वजा २४ म्हणजे १८, आणि ३४ वजा १४ म्हणजे २०. एकूण ३८. डिरेलरची क्षमता तेवढी किंवा जास्त पाहिजे, नाहीतर पुढं-मागं दोन्हीकडं छोटी प्लेट लावल्यावर चेन लोंबते.

उरलेले पैसे साठवा. उद्या नवी घेताना मागं कॅसेटचा हब आहे ना ते पहिल्यांदा विचारा. आठ-नऊ-दहा प्लेटांच्या शिमानो पद्धतीच्या हबवर अकरा प्लेटांची ११-४२ एमटीबी कॅसेटही बसते. त्यामुळं आठ प्लेटांची साधी सायकल घेतली तरी पुढं वाढवायला वाट राहते. शिमानोच्या १० दातांच्या बारा प्लेटांना वेगळा मायक्रो स्प्लाइन हब लागतो. आणि शिफ्टर-डिरेलर एकाच घराण्यातले घ्या. शिमानोत केबल ओढली की मागचा डिरेलर किती सरकतो ते प्रमाण सात-आठ-नऊचं सारखं, एमटीबीच्या दहाचं वेगळं. मायक्रोशिफ्ट कंपनीच्या ॲडव्हेंट सेटचं आणखी वेगळं. त्यांचं ११-४२ नऊ प्लेटांचं स्वस्तात चांगलं आहे, पण शिफ्टर त्यांचाच लागतो.

चिखलपाय

पटलं. फक्त माळवाट, पावसात पुढच्या डिरेलरची काळजी घ्या. चिखल ओला असतानाच बाटलीतलं पाणी मारून पिंजरा मोकळा करायचा, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि पाइपचं जोराचं पाणी हबवर मारू नका.

अजून एक, विषयाला थोडं सोडून. नान्नजकडं जाणाऱ्यांनो, माळढोक अभयारण्याच्या आत सायकल घालू नका. कडेच्या गाडीवाटा पुष्कळ आहेत. गवतात पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात, चाकाखाली कळतही नाहीत. जे थोडं उरलंय ते जपायला हवं.

उलटं वारं

चिखलपाय यांना शंभर टक्के अनुमोदन.

माळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. डिरेलरला ३४ चालतं, वाचून खात्री केली. १४-३४ फ्रीव्हील मिळालं. जुनं निघता निघेना, भोंगाकाकांच्या हातचा लांब पाना लागला. काकांनी सांगितलं की पायडल मारून मारून ते रोज घट्टच होत जातं, म्हणून काढताना एवढा जोर.

एक अडचण आहे. नवं फ्रीव्हील बसल्यापासून १६ आणि १८ वर जोर दिला की चेन सटकते, पाय एकदम खाली जातो. ३४ वर मात्र गुळगुळीत. गिअर नीट लागत नाहीत की फ्रीव्हील खराब आलं?

साखळी

फ्रीव्हील चांगलं असणार, चेन जुनी असणार. मोजून घ्या. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मधोमध धरा, चेन ताणलेली ठेवा. नव्या चेनची पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती रेषेच्या पुढं एक सोळांश इंच गेली की चेन बदलायची. एक अष्टमांश गेली असेल तर तिनं जुन्या प्लेटांनाही आपल्या मापाचं करून टाकलेलं असतं. जुन्या फ्रीव्हीलवर ती चालते कारण दोघं मिळून झिजलेत. नव्या दातांवर ती बसत नाही, वर चढते आणि सटकते. १६-१८ वर जास्त, कारण तिथं कमी दातांवर जोर येतो. ३४ वर पुष्कळ दात चेन धरतात, म्हणून तिथं कळत नाही.

आपल्याकडच्या फुफाट्यात चेन लवकर झिजते. तेल घालून पुसलं नाही की धूळ आणि तेल मिळून काळा लेप होतो, तो पिनांमध्ये कानशीसारखा चालतो. तेल प्रत्येक कडीच्या पिनेवर एक थेंब, रात्रभर ठेवायचं, सकाळी बाहेरून कापडानं कोरडी होईपर्यंत पुसायची. चेन बाहेरून कोरडीच दिसायला पाहिजे.

माळवाट

पट्टी लावली. एक अष्टमांशाच्याही पुढं आहे. आज चेन आणतो. लांबी जुन्या चेनला लावून कापू का?

साखळी

नको! जुनी चेन २८ च्या मापाची आहे, आणि ताणलेलीही. पुढं ४२ वर, मागं ३४ वर, डिरेलरमधून न नेता चेन गुंडाळा. दोन्ही टोकं जिथं भेटतात त्यावर एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्तीची ठेवा. तिथं कापा. एवढी लांबी ठेवली म्हणजे कुणी चुकून मोठं-मोठं लावलं तरी डिरेलर ओढून तुटणार नाही. पुढं ज्यांना वन बाय बसवायचंय त्यांनी पेटीतला कागद बघा, तिथं कंपनी कड्या थोड्या जास्त सांगते.

बसवल्यावर ३४ लावा आणि मागून वाकून बघा. डिरेलरचं वरचं छोटं चाक प्लेटेला घासत असेल तर बी-स्क्रू, म्हणजे डिरेलरला प्लेटेपासून लांब ठेवणारा स्क्रू, आत घ्या, पाच-सहा मिलिमीटर फट दिसेपर्यंत. मग एकेक गिअर टाका. मोठ्या प्लेटवर जायला कुरकुर करत असेल तर शिफ्टरजवळचा केबलचा गोल स्क्रू घड्याळाच्या उलट पाव फेरी. छोट्यावर उतरताना अडत असेल तर घड्याळाच्या दिशेनं. पाव-पाव फेरीनंच जा.

माळवाट

झालं. चेन टाकली, सटकणं पूर्ण बंद. बी-स्क्रू दोन फेऱ्या आत घ्यावा लागला. रविवारी ग्रुपबरोबर तुळजापूर करून आलो. तामलवाडीच्या पुढंच छोट्या प्लेटवर आलो, ताईंनी सांगितल्याप्रमाणं, आणि घाटाच्या शेवटच्या वळणांवर ३४ ची प्लेट वापरली. बसूनच वर गेलो, कुठं उतरावं लागलं नाही. येताना वारं होतंच. ४२ ला २० आणि २२ यांमध्ये खेळत आलो.

साताऱ्याला याच सायकलीनं जातोय. ग्रुपमधल्या आणखी दोघांनी आपापल्या सायकली उलट्या फिरवून बघितल्या, एकाचा कॅसेटचा हब निघाला, आठ प्लेटांचा. तो ११-४२ कडं वळणार आहे, त्याला इथं पाठवतो.

भोंगा

पाठवा. येताना चाक घेऊन ये म्हणावं, हबचं बेअरिंग पण बघून देतो.

चिखलपाय

आणि क्रँकला बोल्ट आहेत की रिबिट, तेही बघायला सांगा. बोल्ट असतील आणि १०४ चं माप असेल तर माझ्याकडं ३२ ची एक नॅरो-वाइड पडून आहे, घेऊन जा म्हणावं.